पावसाचं पाणी मरीन टँकला: सोलापुरात कसं धरावं, कसं गाळावं, कुठे चुकतं

जुळे_सोलापूर

२०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. क्लाउनफिशची जोडी, दोन क्लीनर श्रिंप (कोळंबीचा प्रकार), झोअँथिड आणि मशरूम हे कोरल, म्हणजे प्रवाळ. सध्या नळाचं पाणी आरओ-डीआयमधून (आधी आरओचा गाळणारा पडदा म्हणजे मेम्ब्रेन, मग उरलेले क्षार धरणारं डीआय रेझिन) काढून मीठ कालवतो, पण एका लिटरमागे तीन लिटर मोरीत जातात आणि नळाला पाणी रोज येत नाही. वर २० चौरस मीटरची उघडी स्लॅबची गच्ची आहे. पावसाचं पाणी साठवून टँकला वापरता येईल का? कापडाने गाळून सरळ मीठ घातलं तर चालेल का? साठवायचं कशात आणि किती? इथला पाऊस आणि इथली धूळ धरून उत्तरं द्या. कोकणातल्या घरांचे हिशोब इथे लागू पडत नाहीत.

प्रवाळपेठ

वापरता येईल, पण कच्चं पाणी म्हणून. कापडाने गाळून सरळ मीठ घालायचं मात्र विसरा.

ढगातून सुटलेला थेंब जवळजवळ डिस्टिल्ड असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने सामू ५.६ च्या आसपास येतो, सोबत किंचित अमोनियम आणि नायट्रेट. धूळ धुऊन गेल्यावरच्या पावसाचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, लिटरला मिलिग्रॅम) १० ते २० भरतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरत येतं, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका आणि बरेचदा नायट्रेट असतं. हजाराच्या पुढे टीडीएस असलेले बोअर शहरात कमी नाहीत. त्यामुळे कच्चा माल म्हणून पाऊस फारच वरचा.

बिघडतं ते ढग आणि ड्रम यांच्या मधल्या वाटेत. स्लॅबवरून वाहणारं पाणी सिमेंटातला चुना आणि सिलिका उचलतं, नव्या स्लॅबवर तर सामू ८ च्याही वर जातो. चुन्याचं विशेष नाही, पण सिलिका टँकमध्ये काचेवर तपकिरी डायटम शेवाळाचा थर आणते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून जस्त येतं, आणि पाऊस किंचित आम्लधर्मी असल्याने ते सहज सुटतं. पन्हाळीच्या वाटेत पितळी नळ किंवा तांब्याची नळी असेल तर तांबं. मासे थोडं तांबं सोसतात, औषध म्हणून ते मुद्दाम देतातही. पण श्रिंप, गोगलगायी आणि कोरल यांना लिटरला ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅमसुद्धा बाधतं.

इथेच टीडीएस मीटर फसवतो. तो एकूण क्षार सांगतो, कोणते ते सांगत नाही. १२ टीडीएसच्या पाण्यात ०.१ मिलिग्रॅम तांबं असलं तरी आकडा १२ च दिसणार, आणि तेवढं तांबं तुमच्या श्रिंपना पुरेसं आहे.

बाळे_वेस

गच्चीवर काय काय पडतं ते आधी बघा. कबुतरांना दाणे टाकत असाल तर ते बंद करा, विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही येतात. उन्हाळ्यात पांढरा कूल-रूफ रंग मारला असेल तर त्यात शेवाळ-बुरशी रोखणारी रसायनं असू शकतात. निदान एक पावसाळा ते पाणी टँकसाठी धरू नका. डांबरी वॉटरप्रूफिंग असेल तर ती गच्ची सोडूनच द्या.

अशोक चौक, साखर पेठ, नीलम नगर भागात यंत्रमागांचा कापसाचा तूस गच्च्यांवर बसतो. पाण्याला त्याचा फारसा त्रास नाही, पण तो ओला झाला की जाळी बुजते आणि सेडिमेंट (गाळ अडवणारा) फिल्टर एका पावसात गच्च होतो. त्या भागात पन्हाळीच्या तोंडाशी १ मिमीची स्टेनलेस जाळी आणि तिच्यामागे धुता येणारी नायलॉनची पिशवी, अशा दोन पायऱ्या ठेवा.

डासांसाठी धूर फवारणी झाली असेल तर पुढचा एक चांगला पाऊस पूर्ण वाहू द्या. त्यातली कीटकनाशकं कवचधारी जिवांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतात. दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला तर तोही नको, फटाक्यांच्या रंगांतले बेरियम आणि तांब्याचे क्षार गच्चीवर पडलेले असतात.

होटगीकर

गच्ची न वापरताही पाणी धरता येतं, आणि कोरलवाल्यांसाठी मला तोच मार्ग बरा वाटतो. शेततळ्याचा काळा कागद घ्या, ५०० मायक्रॉनचा एचडीपीई प्लास्टिकचा, ३ बाय ४ मीटर. शेतीच्या दुकानात कापून मिळतो. साध्या पाण्याने दोन्ही बाजूंनी धुवा, साबण नको. चार कोपरे बांबूंना बांधा, मध्ये झोळ ठेवा आणि झोळाच्या तळाला प्लास्टिकचं टँक कनेक्टर बसवून तिथून नळी ड्रममध्ये. १२ चौरस मीटरवर १५ मिमी पाऊस म्हणजे १८० लिटर, कारण एका चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर.

वारा हा यातला मोठा अडथळा. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस संध्याकाळी गडगडाटासह येतो आणि आधी वावटळ सुटते, कागद शिडासारखा फुगतो. म्हणून वारा पडून पाऊस लागला की मगच कागद पसरायचा. त्यात आयता फायदा असा, की हवेतली धूळ तोवर धुतली गेलेली असते.

जुना फ्लेक्स मात्र कधीही नको. फुकट मिळतो म्हणून मोह होतो, पण तो पीव्हीसीचा असतो, मऊपणासाठी त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं आणि वर शाई.

जुळे_सोलापूर

वाऱ्याचं पटलं. पण रोज कुणी घरी असेलच असं नाही, म्हणून गच्चीचाही पर्याय ठेवायचा आहे. पहिलं पाणी किती सोडायचं?

प्रवाळपेठ

दमट प्रदेशात अर्धा ते एक मिमी पुरतं. आपल्याकडे दोन पावसांत आठ-दहा दिवसांचं अंतर सहज पडतं, गच्चीवर माती साचते, म्हणून २ मिमी धरा. २० चौरस मीटरला ४० लिटर. तीन दिवसांच्या आत पुन्हा पाऊस आला तर त्याच्या निम्म्यावर भागतं.

पन्हाळीच्या उभ्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीच्या खाली १६० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा लावा, तळाला एंड कॅप. या पाइपात मीटरला साधारण १८ लिटर मावतात, म्हणजे सव्वादोन मीटर लांबी हवी. ११० मिमीचा पाइप घेतला तर मीटरला जेमतेम ८ लिटर, लांबी जमणार नाही. पाइपात एक पोकळ प्लास्टिकचा चेंडू सोडा आणि वर टीच्या खाली त्याच्यापेक्षा लहान तोंडाचा रिड्यूसर. पाइप भरला की चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचं पाणी आडव्या वाटेने ड्रमकडे वळतं.

हा पाइप पुढच्या पावसाआधी रिकामा व्हायला हवा. तळाला नुसतं बारीक भोक पाडलं तर ते मोठं झाल्यास पावसातच पाणी वाहत राहतं, लहान झाल्यास मातीने बुजतं. एंड कॅपमध्ये ठिबकचा ताशी ८ लिटरचा ड्रिपर बसवा. दोन मीटरच्या पाण्याच्या दाबावर तो प्रत्यक्षात निम्म्याहून कमी सोडतो, म्हणजे रात्रभरात पाइप बराचसा उतरतो. शेजारी गाळ काढायला एक प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्हही ठेवाच, नाहीतर तळाचा चिखल पुढच्या पावसात वर येतो.

किती सोडायचं हे मीटरनेही ठरवता येतं. पाऊस सुरू झाल्यावर दर पाच मिनिटांनी पन्हाळीखाली एक पेला धरा आणि टीडीएस मोजा. आकडा सुरुवातीला झपाट्याने उतरतो, मग एका जागी थांबतो. थांबला की धरायला हरकत नाही. स्लॅबवर तो १५ ऐवजी २५-३० वर थांबला तर ते सिमेंटाचं देणं आहे, कितीही सोडलं तरी खाली येणार नाही.

उत्तरा_हस्त

वर्षभरात कोणतं पाणी धरायचं याबद्दल. मे महिन्याचा वळीव आणि मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस पूर्ण सोडून द्या, हवेत उन्हाळ्याची सगळी धूळ असते. सोलापूर पर्जन्यछायेत आहे, जुलैमध्ये नुसती भुरभुर असते आणि २ मिमी सोडून हाती काही लागत नाही. खरं पाणी सप्टेंबरात. उत्तरा आणि हस्ताचे पाऊस जोरदार असतात, तोवर गच्चीही धुतलेली असते. वर्षाचा साठा तेव्हाच करायचा, म्हणून ड्रम आणि फिल्टर ऑगस्टअखेर तयार हवेत.

हिशोब असा. २०० लिटरच्या टँकला आठवड्याला १० टक्के पाणी बदल म्हणजे २० लिटर. वाफ होऊन जाणारं पाणी एरवी रोज २ लिटर, मार्च ते मे पंखा लावल्यावर ४ लिटर. वर्षाचे जवळपास २,००० लिटर झाले. पावसाळ्यातले चार महिने वगळले तर ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण १,४०० लिटर. २० चौरस मीटरच्या गच्चीवर २५ मिमीचा एक पाऊस, गळती-उडणं धरून ८० टक्के हाती आला तर ४०० लिटर, त्यातून पहिले ४० वजा. म्हणजे गच्ची पुरेशी आहे, अडतं ते साठवणीपाशी. एक हजार लिटरची टाकी आणि दोन २०० लिटरचे ड्रम, एवढी जागा काढा.

विजापूर_रोड

एवढा खटाटोप कशाला? फक्त मासे असतील तर ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि कार्बन पुरे की. पावसाचा टीडीएस १५, नळाच्या आरओच्या पाण्याचा ३०-४०. लोक त्यातही मासे ठेवतात.

प्रवाळपेठ

माशांपुरतं बोलायचं तर अर्धं मान्य. कार्बन कीटकनाशकं आणि वास काढतो, जस्त-तांबं थोडंच धरतो आणि अमोनियम सोडूनच देतो. टँकचा सामू ८.२ असतो, त्यात या अमोनियमचा काही भाग विषारी अमोनिया होतो. मुरलेला टँक तेवढं पचवतो, नवा टँक पचवत नाही. म्हणून मीठ घालण्याआधी अमोनियाची टेस्ट कराच.

पण असं अर्धवट गाळलेलं पाणी टॉप-अपला (वाफ झालेल्या पाण्याची भर घालायला) कदापि नको. वाफ होताना फक्त पाणी जातं, आलेला प्रत्येक क्षार टँकमध्येच राहतो. ४०० टीडीएसचं पाणी रोज ४ लिटर घातलं तर दिवसाला १.६ ग्रॅम, महिन्याला ४८ ग्रॅम नको असलेले क्षार. २०० लिटरमध्ये ते लिटरला २४० मिलिग्रॅम झाले. पावसाच्या पाण्यात हा आकडा लहान असला तरी धातूंचं साचणं तसंच चालू राहतं. पाणी बदलात थोडं तरी बाहेर पडतं, टॉप-अपमध्ये काहीच नाही.

आणि धाग्यात श्रिंप आणि कोरल विचारलेत. तिथे पूर्ण साखळीच लागते.

रेझिन_दहा_इंची

साखळी सांगतो. कच्चा ड्रम, मग बूस्टर पंप, ५ मायक्रॉनचा पीपी सेडिमेंट, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन, शेवटी मिक्स बेड डीआय रेझिन. ड्रमला नळासारखा दाब नसतो, म्हणून घरगुती आरओचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप लागतो. मेम्ब्रेनला ५० ते ६० पीएसआय दाब मिळाला पाहिजे. हा मेम्ब्रेन ताशी १२ लिटरच्या आत-बाहेर देतो.

पावसाच्या पाण्याचा मोठा फायदा मेम्ब्रेनपाशी कळतो. नळाच्या पाण्यात कडकपणा असल्याने तीन-चार पट पाणी सोडावं लागतं, नाहीतर मेम्ब्रेनवर क्षार बसतात. पावसात कडकपणा जवळपास नाही. मेम्ब्रेनसोबत आलेल्या फ्लो रिस्ट्रिक्टरच्या (सोडायच्या पाण्याचा वेग बांधणारा भाग) जागी मिनिटाला २०० सीसीचा लावा, म्हणजे जेवढं चांगलं तेवढंच सोडलेलं. हे सोडलेलं पाणीही साधारण ३० टीडीएसचंच असतं. एकदा परत कच्च्या ड्रममध्ये घाला, दुसऱ्या वेळचं झाडांना. रिस्ट्रिक्टर पूर्ण बंद मात्र करू नका, मेम्ब्रेनमध्ये चिखल बसेल. नळाच्या पाण्यावर परत गेलात की मूळचा पुन्हा लावायचा.

रेझिनचं गणितही बघा. एक लिटर मिक्स बेड रेझिन साधारण २५ ग्रॅम क्षार धरतं. ४०० टीडीएसचं पाणी सरळ सोडलं तर ६० लिटरमध्ये संपलं. १५ टीडीएसचा पाऊस सरळ सोडला तर दीड हजार लिटरच्या वर. म्हणून ज्यांना आरओ नको त्यांना सेडिमेंट, कार्बन आणि डीआय एवढ्यावर भागवता येतं. पण कच्च्या पावसातले बारीक मातीचे कण आणि सेंद्रिय घाण रेझिनवर चिकटतात आणि त्याची ताकद वेळेआधी जाते. कोरल असेल तर मेम्ब्रेन वगळू नका.

डीआयनंतर टीडीएस ० हवा. १ किंवा २ दिसायला लागला की लगेच रेझिन बदला. संपत आलेलं रेझिन आधी धरलेलं सैल सोडतं, आणि सर्वांत आधी सुटतात ती सिलिका आणि अमोनियम. मीटर २ दाखवत असताना टँकमध्ये जे जातं ते नेमकं नको तेच असतं.

बाळे_वेस

घरातला पिण्याच्या पाण्याचा आरओ वापरायचा विचार असेल तर तीन गोष्टी आधी काढा. टीडीएस कंट्रोलर, कारण तो कच्चं पाणी थोडं मिसळतो. मिनरल कार्ट्रिज. आणि कॉपरवालं मशीन असेल तर त्याचं तांब्याचं कार्ट्रिज. पाणी मेम्ब्रेनच्या लगेच पुढून घ्या. एसीचं टपकणारं पाणीही बरेच जण गोळा करतात, टीडीएस कमी दिसतो म्हणून. ते तांब्याच्या कॉइलवरून येतं, श्रिंपच्या टँकला अजिबात नको.

जुळे_सोलापूर

कच्चं साठवायचं की गाळून साठवायचं? आणि निळे ड्रम जुन्या बाजारात स्वस्त मिळतात, ते चालतील?

रेझिन_दहा_इंची

पाऊस पडल्यापासून आठवड्याच्या आत आरओमधून काढा आणि आरओचं पाणी साठवा. कच्च्या पाण्यात परागकण, पानं, विष्ठेचा अंश असतो; उबेत ते कुजतं, ड्रमच्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. हा वायू मेम्ब्रेनमधून आरपार जातो आणि डीआय रेझिन विनाकारण संपवतो. टीडीएस कमी असूनही रेझिनचा रंग भराभर बदलत असेल तर कारण हेच. कच्च्या ड्रममध्ये एअर पंपाचा दगड एक रात्र चालवा, फरक पडतो.

डीआय मात्र वापरायच्या वेळी करा. शून्य टीडीएसचं पाणी सहा महिने टाकीत ठेवलं तर ते टाकीतून काही ना काही उचलतंच.

होटगीकर

ड्रमबाबत कडक राहा. हे कापडाचं गाव आहे, जुन्या बाजारातले निळे ड्रम बहुधा रंगाचे, ब्लीचचे किंवा साइजिंगच्या (सुताला खळ लावायच्या) रसायनांचे असतात. प्लास्टिकमध्ये मुरलेलं धुऊन जात नाही. लोणचं, ग्लुकोज सिरप किंवा खाद्यतेलाचा ड्रम, लेबल शाबूत असलेला, तोच घ्या. नाहीतर नवी तीन थरांची काळी टाकी. आत उजेड गेला नाही तर शेवाळ येत नाही.

झाकण घट्ट हवं, व्हेंटला आणि ओव्हरफ्लोला डासांची जाळी. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. उघड्या साठ्यात डासांच्या अळ्या मारायला टेमिफॉस टाकतात. माणसांसाठी ते योग्यच आहे, पण ते श्रिंप आणि खेकड्यांचा काळ आहे. टाकी बंद ठेवा, वर मोठ्या अक्षरांत "मत्स्यटाकीचं पाणी, औषध टाकू नये" लिहा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडरही नको.

उत्तरा_हस्त

मीठ कालवण्याचं थोडक्यात. १९ लिटर डीआय पाणी बादलीत घ्या, सर्क्युलेशन पंप चालू करा, मग रीफ सॉल्ट (कोरल टँकचं तयार मीठ) थोडं थोडं घाला. लिटरला ३८ ग्रॅम धरा म्हणजे २० लिटरला ७६० ग्रॅम, शेवटी पाणी घालून घनता जुळवा. आधी मीठ आणि वरून पाणी असं केलं तर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतो आणि परत विरघळत नाही. २५ अंशाला १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी (किलोला ३५ ग्रॅम क्षार). रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं भिंगाचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवा. शून्य क्षारांच्या पाण्याने जुळवला तर वरच्या टोकाला चुकतो.

डीआय पाण्याचा सामू मोजत बसू नका. त्यात क्षारच नसल्याने पेनमीटर ५.५ ते ७ मध्ये भटकत राहतो. कुणी त्यात आधी खायचा सोडा घालून सामू वाढवतात. मग मीठ घातल्यावर अल्कलिनिटी (सामू स्थिर ठेवणारे क्षार) वर उडते. मिठात बफर आहेच. मीठ विरघळल्यावर अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम लिटरला ४२० आणि मॅग्नेशियम १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास येतं का तेवढं बघा. खडे मीठ किंवा स्वयंपाकाचं मीठ घालून स्वस्तात भागत नाही, त्यात हे या प्रमाणात नसतं.

विजापूर_रोड

मेमध्ये गच्चीवरची टाकी तापून पाणी ४० अंशाला जातं. ते कसं वापरायचं?

उत्तरा_हस्त

साठा गच्चीवर ठेवूच नका. जिन्याखाली किंवा उत्तरेच्या भिंतीलगत सावलीत. पाणी बदलाच्या आदल्या संध्याकाळी बादली घरात आणा, टँकच्या तापमानाशी फरक एका अंशाच्या आत आल्याशिवाय ओतू नका. टॉप-अपला एवढी काळजी नको, कारण ते दिवसभरात थोडं थोडं जातं. फक्त ते फ्लोट स्विचने (पातळी उतरली की पाणी सोडणाऱ्या बटणाने) घाला आणि टॉप-अपची बादली १० लिटरपेक्षा मोठी ठेवू नका. स्विच अडकला तर २०० लिटरच्या टँकमध्ये १० लिटर गोडं पाणी क्षारता ३५ वरून ३३ च्या वर ठेवतं, तेवढं कोरल सोसतात. २०० लिटरचा ड्रम सरळ जोडला आणि स्विच अडकला तर सगळा टँक जातो.

जुळे_सोलापूर

ठरवलं ते लिहितो, काही चुकत असेल तर सांगा. मुख्य पाणी शेततळ्याच्या कागदावर, गच्चीचं पूरक, १६० मिमीच्या पाइपात पहिले ४० लिटर. आठवड्याच्या आत आरओ २०० सीसीवर, साठा सावलीत काळ्या टाकीत, वापरताना डीआय. पन्हाळीचा नळ पितळी आहे, तो काढून प्लास्टिकचा बसवतो.

रेझिन_दहा_इंची

बरोबर. आणखी दोनच. नवा कार्बन ब्लॉक आणि मेम्ब्रेन बसवल्यावर पहिले १५-२० लिटर फेकून द्या आणि तोवर डीआयचा डबा जोडू नका. पावसाळा संपून फिल्टर बंद ठेवणार असाल तर रेझिन कोरडं पडू देऊ नका, ओलं ठेवून डब्याची दोन्ही तोंडं बंद करा. मेम्ब्रेन काढून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नळाच्या पाण्यावर, कार्बनमागे, १० मिनिटं चालवा. सुकला की त्याची गाळण्याची ताकद परत येत नाही.